मास्तर यायचेत!

भंडाऱ्याच्या माणसानं समुद्राविषयी मत देऊ नये, हे मला तत्त्वतः मान्य आहे. आमच्या जिल्ह्यात पाणी पुष्कळ, पण ते तलावात. आणि तलावाचा स्वभाव असा, की तो स्वतः कुठे जात नाही आणि कोणाला कुठे नेतही नाही. म्हशींना डुंबू देतो, शिंगाडे पिकवतो, धानाला पाणी सोडतो आणि संध्याकाळी गप्प पडून राहतो. जायची-यायची काय ती हौस एकट्या वैनगंगेला. त्यामुळे 'क्रूझ' हा शब्द आमच्या घरात पहिल्यांदा आला तेव्हा हिनं नुसतं एवढंच विचारलं, "चौघांना पुरेल का?"

शब्द शिकागोहून आला होता. मुलानं आणि सूनबाईनं परस्पर ठरवून टाकलं होतं की येत्या जानेवारीत आई-बाबांना दक्षिण अमेरिकेच्या शेपटाला वळसा घालून आणायचं. चौदा दिवस जहाजात. चिलीच्या किनाऱ्यानं खाली उतरायचं, केप हॉर्नला नमस्कार करायचा, आणि पलीकडून वर चढत ब्युनोस आयरेसला उतरायचं. मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. नकाशावर या वाटेनं छडी फिरवली ती शेकडो वेळा, पण छडीला कधी तिकीट लागलं नव्हतं.

पहिला धडा मात्र मला भंडाऱ्याच्याच कृपेनं चटकन समजला. कागदावर लिहिलं होतं, जहाज सँटिआगोहून सुटेल. आता सँटिआगोला समुद्रच नाही. जहाज सुटतं सान अंतोनियो नावाच्या बंदरातून, आणि ते शहरापासून शंभराहून अधिक किलोमीटरवर. मुलगा फोनवर हे फार बिचकत सांगत होता, की बाबा आता चिडणार. मी म्हणालो, "अरे, म्हणजे वरठी!" ज्यानं जन्मभर 'भंडारा रोड' नावाच्या स्टेशनवर उतरून पुढे भंडाऱ्याला जाण्यासाठी दहा किलोमीटरची वाहनं शोधली, त्याला सान अंतोनियोचं काय कौतुक?

खरी पंचाईत पुढेच होती. जहाज वाटेत बंदरोबंदरी थांबतं, सकाळी लोकांना खाली सोडतं आणि संध्याकाळी गोळा करून निघतं. त्या मधल्या आठ तासांत काय करायचं, याच्या दोन रीती आहेत. एक, जहाजवाल्यांच्याच सहलीत नाव घालायचं. छातीवर नंबराची चिकटपट्टी, पुढे पाटी धरलेली मुलगी, मागे चाळीस माणसांची बस, आणि पैसे चांगले सणसणीत. दुसरी रीत, आपली आपण जीप ठरवायची, अर्ध्या पैशांत हवं ते बघायचं, हवं तिथं थांबायचं. मुलाचा अर्थातच दुसऱ्या रीतीकडे ओढा. त्यानं एक मोठा तक्ताच धाडला. पुएर्तो माँत: तळं, धबधबा आणि बर्फाची टोपी घातलेला ओसोर्नो ज्वालामुखी. पुंता अरेनास: होडीनं माग्दालेना बेट. उशुआइया: पूर्वी कैद्यांना लाकूडतोडीला नेणारी, आता प्रवाशांना नेणारी झुकझुकगाडी. माँतेविदेओ: बंदराच्या फाटकासमोरचा जुना लोखंडी बाजार, जिथं आता मांस भाजण्याच्या भट्ट्या आहेत, म्हणजे आम्ही धूर बघून परत.

आणि तक्त्याच्या तळाशी लाल अक्षरांत एक ओळ होती. जहाजाच्या सहलीची बस उशिरा आली तर जहाज थांबतं. आपण आपले गेलो असलो, तर थांबत नाही. सुटण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी शिडीवर हजर, नाहीतर पुढचं बंदर स्वखर्चानं गाठा.

ही ओळ वाचून बहुतेक माणसं घाबरत असावीत. मला खरं सांगायचं तर हायसं वाटलं. वाटलं, जगात एक तरी वाहन नीतीनं चालतं!

हे जरा उलगडून सांगायला हवं. माझा जन्म पवनीचा. तिथल्या घाटावर लहानपणी आम्ही डोंग्यात बसून नदी ओलांडायचो. डोंगा भर पात्रात गेला आणि काठावरून कोणी "ओऽऽ" करून हाक मारली, की नावाडी मुकाट्यानं डोंगा मागे वळवायचा. हाक मारणारा सावकार असो की भाजीवाली. त्या वयात मला यात नावाड्याचा मोठेपणा तेवढा दिसायचा. पण डोंग्यात आणखी दहा-बारा माणसं बसलेली असत. कोणाला बाजार गाठायचा असे, कोणाच्या मांडीवर तापानं फणफणलेलं पोर असे. हाक मारणाऱ्याच्या उशिराचे पैसे ती माणसं भरत होती. कुठे भरायचे तेही त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

माझ्या उशिराचे पैसे एकदा एका म्हातारीनं भरले. म्हणून हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही.

पांबनचा रस्त्याचा पूल १९८८ साली झाला आणि बस थेट रामेश्वरात जाऊ लागली. १९८९ च्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडून एक यात्रेची बस निघाली, तिच्यात आम्ही दोघं. चाळीस माणसं, आचारी, चूल, तांदळाची पोती. मॅनेजर म्हणून एक गृहस्थ, त्यांच्या गळ्यात शिट्टी. प्रत्येक थांब्यावरून निघताना ते विचारायचे, "कोण राहिलं?" आणि कोणी 'मी' म्हणत नाही हे पाहून समाधानानं शिट्टी फुंकायचे. पुढच्या बाकावर लाखनीकडच्या एक आजी होत्या. त्यांची एकच इच्छा होती. कन्याकुमारीला सूर्य समुद्रात बुडताना बघायचा. जन्मभर तो धानाच्या बांध्यांमागे जाताना पाहिला होता. पाण्यात शिरतो तेव्हा आवाज येतो का, असं त्यांनी मला दोनदा विचारलं होतं. भूगोलाचा मास्तर ना मी!

रामेश्वरहून बस सकाळी आठाला निघायची होती. म्हणजे दिवस मावळायच्या आत कन्याकुमारी. मी मात्र पहाटे चारलाच उठून, मासळी आणायला निघालेल्या एका ट्रकमध्ये बसून धनुष्कोडीला गेलो. डिसेंबर १९६४ च्या वादळात हे गाव एका रात्रीत गेलं. माणसांनी भरलेली रेल्वेगाडी लाटेनं ओढून नेली. सरकारनं नंतर ते गाव राहण्याला अयोग्य ठरवलं. वर्गात मी हे इतक्यांदा सांगितलं होतं, की ते स्वतः न पाहता परत जाणं मला खोटेपणाचं वाटलं. बाकीचे यात्रेकरू झोपले होते. आपल्याला जरा निराळी दृष्टी आहे, असं त्या पहाटे मला वाटलं नव्हतं असं मी म्हणणार नाही.

परतलो तेव्हा अकरा वाजले होते. ट्रक वाळूत रुतला, असं मी सांगितलं. ते खरंही होतं. पण ट्रक रुतला होता अर्धा तास. उरलेला वेळ मी त्या मोडक्या चर्चच्या भिंतीपाशी बसून होतो. घड्याळ मनगटावर होतं आणि मी ते पाहतही होतो. समोर दोन बाजूंना दोन समुद्र, आणि मनात एक पक्की खात्री, की बस काय, थांबेलच. बसमध्ये चढल्यावर मी अडीच तासांचं सगळं खापर वाळूवर फोडलं. वाळू काही बोलत नाही.

कन्याकुमारीला पोचलो तेव्हा काळोख झाला होता. दुसऱ्या दिवशी पहाटे आभाळ भरलेलं, आणि नवाला बस पुढे निघाली. मी आजींजवळ जाऊन काहीतरी पुटपुटलो. त्या म्हणाल्या, "बाप्पा, सूर्य तं रोजच मावळते आपल्याकडं. तुमाले ते बुडालेलं गाव दिसलं ना पण?" मी हो म्हणालो. त्यांनी समाधानानं मान हलवली. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मी केव्हाच विसरून गेलो असतो.

म्हणून म्हणतो, जहाजाची ओळ मला आवडली. इथं हिशेब स्वच्छ. थांबायला लावायचं असेल तर आधी पैसे मोजा आणि छातीवर नंबर लावून घ्या. स्वतंत्र फिरायचं असेल तर कोणाच्या सूर्यास्ताला हात न लावता फिरा. उशिराचा दंड ज्याचा त्याला. दक्षिण अमेरिकेच्या त्या टोकाला या बाबतीत जुना दाखलाही आहे. १५२० साली मॅगेलन त्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून जात असताना त्याचं एक जहाज दिसेनासं झालं. त्यानं ते शोधलं, दिवसचे दिवस वाट पाहिली. जहाजावरचे लोक मात्र बंड करून केव्हाच स्पेनच्या वाटेला लागले होते. त्या पळपुट्या जहाजाचं नावही सान अंतोनियोच. येणार नाही अशाची वाट पाहण्यात अन्नपाणी किती खर्ची पडलं असेल! हे सगळं मी हिला दोन दिवस समजावून देत होतो. ही वालाच्या शेंगा सोलत होती.

तक्त्यात अडलं ते स्टॅन्लेपाशी. फॉकलंड बेटांवरचं हे गाव. इथं आमचं जहाज धक्क्याला लागणार नाही, बाहेर नांगर टाकणार आणि छोट्या होड्यांनी लोकांना नेणार. वारा फार असला तर तेही नाही. जहाज सरळ पुढे. उतरता आलं, तर जीपनं अडीचेक तासांवर व्हॉलंटिअर पॉइंट म्हणून जागा आहे. अर्ध्या वाटेनंतर रस्ताच संपतो, नुसती दलदलीची माळरानं. तिथं राजा पेंग्विन शेकड्यांनी उभे असतात. फोटोत तरी ते मला तारखेची वाट पाहणाऱ्या आमच्या कोर्टातल्या वकिलांसारखे दिसले. मी, मुलगा आणि सूनबाई जीपनं जायचं. हिच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली, तेव्हा हिनं जहाजावर आराम करायचा, असा बेत मी मांडला.

"आणि जीप रुतली तर?" हिनं विचारलं.

"तर जहाज जाईल. तोच तर मुद्दा आहे. कोणाचा खोळंबा नाही. चिलीकडे जाणारं विमान आठवड्यातून एकदा असतं, ते आम्ही पकडू. व्हिसाचं काय ते बघू. दंड आमचा आम्हाला."

"अन् मी?"

"तू जहाजात. सुखरूप."

"म्हणजे तुम्ही तिघं त्या बेटावर, आणि मी एकटी निघाले अर्जेंटिनाला." शेंग सोलायची थांबली होती. "आणि कठड्याशी उभी राहून मी कोणाला सांगू, मास्तर यायचेत म्हणून?"

माझ्या स्वच्छ हिशेबात ही बाई कुठल्याच रकान्यात बसत नव्हती. दोन दिवस मी जहाज, कंपनी, यात्रेकरू, मॅगेलन या सगळ्यांचा विचार केला होता. कठड्याचा केला नव्हता. वेळ मारून नेण्यासाठी मी म्हणालो, "मास्तर यायचेत! हे कुठून काढलंस?"

"मी कुठून काढीन? त्या आजी म्हणत होत्या ना."

"कुठल्या आजी?"

"लाखनीच्या. रामेश्वरला." आणि मग हिनं, जणू काल घडलेली गोष्ट सांगावी तसं सांगितलं. नऊ वाजता मॅनेजरनं शिट्टी मारली होती. चाळीस माणसांसाठी एक, की एका माणसासाठी चाळीस, असं त्यानं सगळ्यांना विचारलं, आणि बसमधल्या बहुतेकांनी निघू या म्हटलं. माझी पेटी खाली काढून धर्मशाळेच्या ओट्यावर ठेवली गेली. ही पेटीजवळ उतरून उभी राहिली. तेव्हा आजी उठल्या, काठी टेकत खाली आल्या, आणि बसच्या शेवटच्या पायरीवर दार अडवून बसल्या. "मास्तर यायचेत. त्यायले सोडून कसे जाता जी?" एवढं एकच वाक्य अकरा वाजेपर्यंत. शेवटी ड्रायव्हरनंच किल्ली काढून खिशात घातली.

"म्हणजे त्यांचा सूर्यास्त मी नाही... त्यांनी स्वतःच..."

"तुमच्यामुळेच चुकला. उगाच सुटायला बघू नका."

"पस्तीस वर्षांत मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही आल्या आल्या वाळूचं सांगायला लागलात. इतकं सांगत होतात, की मला वाटलं, राहू द्यावं." म्हणजे वाळूचा हिशेबही हिला तेव्हाच कळला होता.

मी बराच वेळ तक्त्याकडे पाहत बसलो. मग स्टॅन्लेच्या रांगेतली जीप खोडली आणि तिथं 'जहाजाची सहल' असं लिहिलं. गावातून फिरवून आणणारी, सपाट रस्त्याची. हिनं चष्मा लावून वाचलं.

"त्यात ते पेंग्विन आहेत?"

"राजा पेंग्विन नाहीत. साधे आहेत म्हणे, थोडेसे."

"मग खोडा ते. जीपच करा. मी पण येते."

"दलदलीतून अडीच तास जायचे आणि अडीच यायचे. तुझे गुडघे—"

"बांध्यांवरून बैलगाडीत वाढलेले गुडघे आहेत. डॉक्टरनं बदलले म्हणून काय सवय बदलली?"

"आणि जहाज गेलं तर?"

"तर चौघंही खाली असू. आठवडाभर राहू. तिथं तांदूळ मिळतो का, तेवढं पोराला विचारून ठेवा."

शिकागोला तेव्हा रात्र होती. तरी मी फोन लावला.