भय, संशय आणि वाचक

नारायण धारप (१९२५–२००८) यांच्या 'लुचाई' या कादंबरीविषयी मराठी वाचकांचे एकमत होणे कठीण आहे. एका वाचकाला ती रात्री एकट्याने वाचवत नाही. दुसऱ्याला तिची उभारणी संथ वाटते आणि भयाची चाहूल लागेपर्यंत त्याचा धीर सुटतो. तिसऱ्याने स्टीफन किंग यांची 'सेलम्स लॉट' (१९७५) ही मूळ इंग्रजी कादंबरी वाचलेली असते. मराठी वेषातील प्रत्येक सावलीचे मूळ गाव त्याला ठाऊक असते, आणि उसन्या भयाला दाद द्यावी की देऊ नये या विचारात तो अडकतो. चौथा वाचक या तिघांहून निराळा असतो. कादंबरी चांगली की वाईट यात त्याला रस नाही. अशी पुस्तके लिहिली जावीत का, असे तो विचारतो. पहिल्या तिघांचा मतभेद अभिरुचीचा आहे आणि तो ग्रंथालयातील देवघेवीच्या टेबलापाशीच मिटण्याजोगा आहे. चौथ्याचा आक्षेप नैतिक आहे. मराठी समीक्षेने बहुधा तो ऐकून घेतला नाही. भयकथेला करमणुकीच्या कपाटात ठेवले, की प्रश्न आपोआप मिटतो अशी तिची समजूत दिसते.

हा आक्षेप किती जड आहे, हे पुस्तक कोठे वाचले जाते यावर अवलंबून असते. पुण्यात किंवा मुंबईत तो थोडा पुस्तकी वाटेल. छत्तीसगढमधील भिलाईत तो तसा राहत नाही. भिलाई हे पोलादाचे गाव. सोव्हिएत रशियाशी १९५५ मध्ये करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि दुर्गलगतच्या माळावर क्रमांकांनी ओळखली जाणारी सेक्टरे उभी राहिली. देशाच्या सर्व भागांतून माणसे आली. त्यांत नागपूर-विदर्भाकडून आलेली मराठी कुटुंबेही होती. त्यांनी आपल्याबरोबर पाटा-वरवंटा आणला, गणपती आणला, दिवाळी अंक आणले. पण भुते आणता आली नाहीत. मराठी भुताला जागा लागते. मुंजाला पिंपळ हवा, तोही पार असलेला; हडळीला गावकुसाबाहेरची वाट हवी, ब्रह्मसमंधाला पडका वाडा किंवा ओस बारव. सरळ आखलेल्या रस्त्यांवरील क्वार्टरांत, जेथे कोणाचाच आजा वारलेला नाही आणि रात्री मळी ओतली की क्षितिज तांबडे होते, तेथे भुताने राहावे कोठे? अशा घरात भयकादंबरी येते तेव्हा ती मागे सोडलेल्या गावाच्या बातमीसारखी येते. तिच्या वाचनात धास्तीइतकीच ओढही असते.

येथे एक फरक ध्यानात घ्यावा लागतो. मराठी लोकसमजुतीतले भूत हे बहुतांशी धनकोसारखे असते. मुंजा हा मुंज झाली पण सोडमुंज होण्याआधीच गेलेला मुलगा. हडळ म्हणजे बाळंतपणात मेलेली बाई. समंध हा वासना अडकून राहिलेला. प्रत्येकाचे जिवंतांकडे काही येणे आहे आणि ते फेडले की त्याची पीडा सरते. भयाच्या पोटात येथे न्यायाचा एक ओबडधोबड हिशेब दडलेला आहे. 'सेलम्स लॉट'मधील रक्तपिपासूचे कोणाकडेच काही येणे नाही. तो परगावाहून येतो, टेकडीवरच्या बदलौकिकाच्या घरात मुक्काम करतो आणि एकेक करून गाव रिकामे करतो. त्याला फक्त भूक आहे. हे भय मराठीत आणताना धारपांनी भाषा, माणसे, गावाचा नकाशा सगळे बदलले. बिनहिशेबी भूक मात्र बदलता येण्यासारखी नव्हती, कारण कथानकाचा कणाच तो होता. काही वाचकांना ही कादंबरी परकी वाटते आणि काहींना याच कारणाने अधिक भयंकर वाटते. शांत करता येणारे भूत आणि शांत करता न येणारे भूत यांच्यामधली ही रेघ आहे. केवळ 'रूपांतर' म्हणून तिची बोळवण करणे उतावळेपणाचे ठरेल.

आता चौथ्या वाचकाकडे वळावे. तो म्हणतो की, ज्या प्रदेशात शेजारच्या बाईला चेटकीण ठरवून मारहाण होते, तेथे चेटकाची गोष्ट निरुपद्रवी कशी असेल? छत्तीसगढीत अशा बाईला 'टोनही' म्हणतात. ती बहुधा एकटी असते, पुष्कळदा विधवा किंवा म्हातारी. कधी तिच्या नावावर थोडी जमीन असते आणि त्या जमिनीवर कोणाची तरी नजर असते. पोर आजारी पडते, गाय आटते, आणि बोट तिच्याकडे वळते. या राज्याने २००५ मध्ये टोनही प्रताडना निवारण अधिनियम केला. महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा त्यानंतर आठ वर्षांनी, डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी हत्या झाल्यावर अस्तित्वात आला. छत्तीसगढच्या कायद्यातील एक तरतूद साहित्याच्या विद्यार्थ्यानेही पाहावी अशी आहे. छळासाठी पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहेच; पण त्याआधी, एखाद्या व्यक्तीला टोनही म्हणून नुसते ओळखणे, तसे जाहीर करणे, हाच तीन वर्षांपर्यंतच्या कारावासाचा गुन्हा ठरवला आहे. पहिला दगड उचलण्याआधीच गुन्हा घडलेला असतो, हे कायदा करणाऱ्यांना कळले होते.

आणि रहस्यमय भयकादंबरीचा सगळा डोलारा या ओळखण्यावरच उभा असतो. ते कोण आहे? शेजारी दिवसा का दिसत नाही? म्हातारी रात्री कोणाशी बोलते? वाचक दर पानाला संशय घेतो, आणि संशय खरा ठरला की त्याला बक्षीस मिळते. पुस्तकात संशय घेणारा नायक असतो आणि 'असले काही नसते' म्हणणारा डॉक्टर चौथ्या प्रकरणात मरतो. (भयकादंबरीतील विवेकवादी पात्रांची आयुर्मर्यादा हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय होईल.) चौथ्या वाचकाचा आक्षेप नीट मांडला तर तो भुतावर नाहीच. माणसे पुस्तकातील पिशाचावर विश्वास ठेवू लागतील, ही भीती फारशी खरी नाही. टोनही ठरवणाऱ्या जमावाने कादंबऱ्या वाचलेल्या नसतात. आक्षेप आहे तो संशयाची गोडी लावण्यावर.

आक्षेप जुना आहे. प्लेटोने आपल्या आदर्श राज्यातून परलोकाच्या भीषण वर्णनांना हद्दपार केले, कारण ती ऐकून रक्षक मृत्यूला भिऊ लागतील. भारतीय विचार दुसऱ्या वाटेने गेला. भरताने भयानकाला आठ रसांत स्थान दिले. ते प्रधान चारांत नाही, बीभत्सातून त्याची उत्पत्ती मानली आहे. पण रसाचा आस्वाद म्हणजे नेमके काय, हे सांगण्याची वेळ अभिनवगुप्तावर आली तेव्हा त्याने उदाहरणासाठी शृंगार घेतला नाही, भय घेतले. 'शाकुंतला'च्या पहिल्या अंकात दुष्यंताच्या रथापुढे पळणारे, मान वळवून मागे पाहणारे हरीण त्याने निवडले. ते हरीण अमुक एक नाही, त्याला भिवविणारा खरा नाही. म्हणून उरते ते स्थलकालापासून सुटलेले निखळ भय, आणि प्रेक्षक ते चाखतो. स्वतःच्या सुखदुःखात गुंतलेल्याला मात्र ते चाखता येत नाही. अभिनवगुप्ताने तो रसातील एक अडसर म्हणून सांगितला आहे.

या विवेचनातून भिलाईच्या घरातला एक पेच उलगडतो. भुतांवर खरोखर विश्वास असलेली आजी बहुधा अशी कादंबरी बाजूला सारते. तिच्या दृष्टीने हा चेष्टेचा विषय नव्हे. विश्वास मुळीच नसलेला इंजिनियर नातू ती एका बैठकीत संपवतो आणि 'भीती वाटली नाही' अशी तक्रार करतो. पुस्तक लागू पडते ते मधल्या माणसाला. विश्वास गेलेला, पण रात्री माडीवरचा दिवा मालवताना पाऊल थोडे लवकर उचलणारा, असा हा माणूस. एकाच पुस्तकाविषयी एकाच घरात तीन मते पडतात, कारण तिघे भयापासून तीन निरनिराळ्या अंतरांवर बसलेले असतात.

पण अभिनवगुप्ताच्या उदाहरणात आणखी काही आहे. त्या प्रसंगात रथही आहे आणि रथावर धनुष्य ताणलेला राजाही. प्रेक्षकाला रथावर बसता आले असते. तो बसतो हरिणाच्या वळलेल्या मानेत. भयकादंबरीला नैतिक कसोटी लावायचीच तर ती येथे लावावी: वाचकाला ती कोठे बसवते? टोनहीला घेरणारा जमावही भ्यालेला असतो, कदाचित खरोखर भ्यालेला. पण ते भय स्वतःसाठी आहे, आणि ते रथावरचे आहे. ज्या कादंबरीत अखेरीस सगळे मिळून कोणा विद्रूप, एकट्या, परक्या जीवाला खिळे ठोकतात आणि वाचक सुटकेचा श्वास टाकतो, तिच्याविषयी चौथ्या वाचकाची अस्वस्थता योग्य आहे, मग भाषा कितीही सफाईची असो. धारपांच्या 'समर्थ' मालिकेतील लढा बहुतेक अमानवी शक्तीशी असतो आणि नायकाच्या नावातच मराठी मनाला ओळखीचा आधार आहे; तेथे हा धोका कमी. 'लुचाई'च्या घडणीत तो अधिक आहे, कारण तेथे कालचा शेजारीच आज शत्रू होतो. रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांनी आपल्या कथांना 'गूढकथा' म्हटले आणि 'खेकडा'पासून पुढे अघोराचे मूळ पुष्कळदा घरातल्या, साध्या दिसणाऱ्या माणसाच्या मनात दाखवले. तेथे बोट दाखवायला शेजारी उरत नाही. साहित्य अकादेमीने २०१८ मध्ये त्यांचा गौरव केला तो बालसाहित्यासाठी. गूढकथेला त्या सन्मानात वाटा नव्हता.

भिलाईहून दुर्ग ओलांडून पश्चिमेला निघाले की राजनांदगाव लागते. तेथील दिग्विजय महाविद्यालयात १९५८ पासून गजानन माधव मुक्तिबोध शिकवीत होते. घरची भाषा मराठी, धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीतले नामवंत कवी. गजाननराव लिहीत हिंदीत. त्यांच्या कवितेतला ब्रह्मराक्षस ओसाड बावडीत राहतो आणि अंग घासूनघासून धुतो, तरी मळ जात नाही. त्यांच्या एका कथेत बारा वर्षे शिकून निघालेल्या शिष्याच्या पानात तूप वाढण्यासाठी गुरू बसल्या जागेवरून हात लांब लांब करतो, आणि शिष्याला कळते की आपण कोणाकडे शिकलो. विद्या देण्यास योग्य पात्र न मिळाल्याने तो ब्रह्मराक्षस झाला होता. आता ऋण शिष्याच्या माथी आले. पुन्हा तोच जुना मराठी हिशेब, पण देणे लागतो तो वाचणारा, शिकणारा. इतका भीषण हात मोठमोठ्या भयकादंबऱ्यांत सापडणार नाही, आणि तो लांबतो ताटात तूप वाढण्यासाठी.

मुक्तिबोधांच्या या भुतांवर वाचकांनी काहूर माजवले नाही. काहूर माजले ते त्यांनी लिहिलेल्या 'भारत : इतिहास और संस्कृति' या पाठ्यपुस्तकावर. मध्य प्रदेश सरकारने १९६२ मध्ये त्यावर बंदी घातली, आणि दोन वर्षांनी, ११ सप्टेंबर १९६४ रोजी, मुक्तिबोध गेले. ब्रह्मराक्षसाची कविता ज्या 'चाँद का मुँह टेढ़ा है' या संग्रहात आहे, तो त्याच वर्षी निघाला. छापील प्रत त्यांना पाहता आली नाही.