ओहोटीची मुदत

तिसऱ्या निवडायला बसलं की आत्याची एक रीत असे. तोंड उघडलेली दिसली की ती दुसऱ्या तिसरीवर टक्‌ करून आपटायची. मिटली तर टोपात, नाही तर बाहेर. मिटते ती जिवंत, एवढं मला तेव्हापासून ठाऊक. मिटल्यावर आत काय चालतं, हे कळायला बरीच वर्षं गेली.

पाण्यात ऑक्सिजन मुळातच थोडा. लिटरभर हवेत तो सुमारे २७० मिलिग्रॅम असतो, आपल्याकडच्या कोमट समुद्राच्या लिटरभर पाण्यात जेमतेम ६. तो २ च्या खाली उतरला की मासे पळ काढतात. रेतीत रुतलेली तिसरी कुठं पळणार? ती मिटून घेते. हृदयाचे ठोके मंदावतात, शरीराचा खर्च दहाव्या हिश्शापर्यंत उतरू शकतो आणि साठवलेल्या ग्लायकोजेनवर, म्हणजे ग्लुकोजच्या साठ्यावर, गुजराण सुरू होते. कालवांच्या गोडीत याच साठ्याचा मोठा वाटा असतो आणि पुढची अंडीही त्याच्याच बळावर तयार व्हायची असतात. पण ऑक्सिजनवाचून तो वापरणं महागात पडतं. एरवी एका ग्लुकोजमधून एटीपीचे, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे, तीसेक रेणू मिळतात, आता फार तर पाच-सहा. वर आम्ल साचतं. ते मारायला चुना हवा, आणि चुना आहे तो फक्त शिंपल्याच्या भिंतीत. १९६९ मध्ये क्रेनशॉ आणि नेफ या अमेरिकी संशोधकांनी हेच दाखवलं: मिटलेला शिंपला आतून विरघळत असतो.

अशा जिवांना आपण ‘सहनशील’ म्हणतो. मला तो शब्द खटकतो. ही सगळी तजवीज ओहोटीसाठी आहे, आणि ओहोटीला मुदत असते. सहा तासांत पाणी परत येतं. सांडपाण्यानं कुजणाऱ्या खाडीला मुदत नाही. गोव्यात कांदोळीसमोरच्या समुद्रात राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९९७ पासून पाणी तपासते आहे. पावसाळा सरताना तिथलं तळाचं पाणी ऑक्सिजनविना राहतं, त्यात हायड्रोजन सल्फाइडही येतो. हे बरंचसं निसर्गाचंच, पण शेतातून वाहून येणारी खतं त्यात भर घालत असावीत, असं तिथल्या संशोधकांनी २००० सालीच मांडलं होतं.

परवा एक वाटा घेतला. टक्‌ करून पाहिलं, सगळ्या मिटल्या. उकडल्यावर एकीचं मांस पाणचट निघालं, आणि शिंपला आतून बोटाला खडूसारखा लागला. एका शिंपल्यावरून कारण सांगता येत नाही. तरी तो मी खिडकीत ठेवला आहे.