जुन्या जुगाऱ्यांचा प्रामाणिकपणा

गेवराई तालुक्यातील उमापूर गावी बाजाराच्या दिवशी पारावर चार वृद्ध मंडळी जमली, म्हणजे बोलणे पाऊसपाण्यावरून कापसाच्या भावावर येते; आणि कापसाच्या भावावरून कित्येकदा जुन्या मटक्यावर जाते. असेच एक बोलणे मध्यंतरी आमच्या कानी पडले. बोलणारे गृहस्थ सत्तरी ओलांडलेले असून तरुणपणी मुंबईस गिरणीत काही वर्षे काढून आलेले होते. त्यांच्या बोलण्यात पश्चात्तापाचा लवलेश नव्हता. "त्या वेळची माणसेच निराळी," ते म्हणाले. "कागदाचा एक कपटा, त्यावर पेन्सिलीने आकडा. पावती नाही, सही नाही. पण आकडा लागला की पैसा हातात. असा शब्द आता बँकेतही मिळत नाही." भोवतालच्या तरुणांनी माना डोलावल्या.

परतताना आमच्यासमवेत असलेल्या एका उपदेशक बंधूंनी विचारले, "जुगाराच्या धंद्यातला मनुष्य प्रामाणिक असू शकतो काय? आणि असला, तर त्याची वाखाणणी करण्यात दोष कोणता?" प्रश्न सोपा आहे असे समजून आम्ही उत्तर देऊ लागलो, आणि अर्ध्या वाटेतच अडखळलो. म्हणून तो येथे मांडीत आहो.

मटक्याचा उगम आमच्या कापूस पिकविणाऱ्या वाचकांस ठाऊक असावा. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडता व बंद होता भाव तारेने मुंबईस येई, आणि त्या भावांच्या आकड्यांवर लोक पैसे लावीत. १९६१ साली ही सोय बंद पडली. तेव्हा वरळीस किराणा दुकान चालविणारे कच्छी गृहस्थ कल्याणजी भगत यांनी १९६२ साली आपला मटका काढला, व १९६४ साली रतन खत्री यांनी दुसरा. कापूस गेला, पण 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द मागे राहिले. पत्ते काढून त्यांच्या बेरजेवरून आकडा ठरे. आणि तो दूरध्वनीने थोड्याच वेळात गावोगाव पोहोचे. खत्री यांचा व्यवहार चोख आहे अशी त्यांची ख्याती होती. आणीबाणीत त्यांना तुरुंगवास घडला, तरी ती ख्याती कमी झाली नाही. १९७५ सालच्या 'धर्मात्मा' या हिंदी चित्रपटातील मटकेवाला त्यांच्यावरूनच रचला असे म्हणतात. चित्रपटाचे नावच किती बोलके आहे! (राज्य सरकारनेही १९६९ साली आपली लॉटरी सुरू केली, हेही येथे विसरू नये.)

आता प्रामाणिकपणाविषयी. दिलेला शब्द पाळणे हा सद्गुण आहे, आणि तो कोठेही आढळला तरी त्यास सद्गुणच म्हटले पाहिजे. चाळीच्या एका खोलीत दहा-पंधरा जणांत राहणाऱ्या गिरणी कामगाराची चवली-पावली कोणती पेढी घेत होती? गावी सावकार त्याच्याकडून कोऱ्या कागदावर अंगठा घेई. अशा मनुष्यास, ज्याच्या पैशाचा हिशेब कोणी तरी नीट ठेवतो व शब्दाला जागतो असा एक तरी व्यवहार भेटला, तर त्याची आठवण त्याला गोड वाटावी यात नवल नाही. त्या गोडीत आम्हां सर्वांस एक टोमणा आहे. जो विश्वास त्याला पतपेढीत, सभेत, मंडळीत मिळावयास हवा होता, तो त्याला आकड्याच्या टपरीवर मिळाला.

परंतु तो व्यवहार कोणता होता हे पाहू. आकडे दहा, लागला तर रुपयास नऊ रुपये. दहा जणांनी दहा आकड्यांवर रुपया रुपया लावला, तर एकास नऊ मिळतात आणि एक रुपया मटकेवाल्याकडे राहतो. त्याला फसविण्याची गरजच नाही. शंभर रुपये या हिशेबाने फिरत राहिले, तर पहिल्या फेरीअखेर नव्वद, दुसरीअखेर एक्याऐंशी, आणि सातव्या फेरीअखेर अर्ध्याहूनही कमी उरतात. ज्या मापातच घट धरलेली आहे, ते माप प्रामाणिकपणे भरण्यास फारसा खर्च येत नाही. गळाचा दोरा मजबूत असतो म्हणून माशाने कोळ्याचे आभार मानावेत काय?

यावर पारावरील एका शेतकऱ्याने मोठा मार्मिक आक्षेप घेतला होता. "मग शेती तरी काय आहे? बियाणे मातीत टाकायचे आणि आभाळाकडे पाहायचे. आमचा तर जन्मच जुगारात गेला." ज्याने दुबार पेरणी केली आहे, त्याच्या तोंडी हा शब्द शोभतो, आणि त्याला आम्ही हसणार नाही. तथापि भेद आहे. पाऊस गेला व शेतकरी बुडाला, तर त्यात शेजाऱ्याचा लाभ व्हावाच असे नाही. आणि पीक आले, तर जगात पूर्वी नव्हता इतका कापूस निर्माण होतो. आकड्यावर मात्र नवे काहीच पिकत नाही. एकाच्या खिशातले दुसऱ्याच्या खिशात जाते, आणि जाताना वाटेत दशांश गळतो.

खेळास आमचा विरोध नाही. पुण्याचे विल्सन जोन्स हे बिलियर्ड्सच्या टेबलावर १९५८ साली हौशी खेळाडूंचे जगज्जेते झाले, तो हाताचा व नजरेचा पराक्रम होता. ज्या हैदराबाद राज्यात १९४८ पर्यंत निजामाचा अंमल होता व ज्यात आपला जिल्हा मोडत असे, तेथील जुगारविषयक कायद्याखालीच पुढे सिकंदराबादच्या एका क्लबावर खटला झाला. त्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६०च्या दशकात, रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ होय, असा निर्णय दिला. कायद्यास हा भेद पुरेसा असेल. आम्हांस तो पुरत नाही. कारण निष्णात खेळाडूही दुसऱ्याच्या मालकीचे पणास लावू शकतो.

येथेच खरा प्रश्न आहे. द्यूतसभेत द्रौपदीने विचारले की, जो स्वतःस आधीच हरला, त्याला मला पणास लावण्याचा अधिकार कोठून आला? भीष्मांसारख्या ज्ञात्यासही त्याचे सरळ उत्तर देता आले नाही. ऋग्वेदातील जुगाऱ्याच्या सूक्तातही टाकलेली पत्नी आणि शोक करणारी आई आहे. जुन्या लोकांनी जुगाराची गोष्ट सांगताना घरच्या माणसांस वगळले नाही; पारावरील आमच्या मंडळींनी मात्र वगळले.

या जिल्ह्यातून ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांना हा प्रश्न पुराणातला वाटणार नाही. मुकादमाकडून जी उचल मिळते ती 'कोयत्या'वर मिळते, आणि कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. पहाटेच्या थंडीत ऊस तोडणारा एक हात त्याचा, तर मोळी बांधून डोक्यावर वाहणारा दुसरा तिचा. ती उचल पुरुषाने पत्त्यांवर किंवा हल्ली मोबाइलवर लावली, तर त्याने तिचे येणारे सहा महिने लावले; आणि तिला कोणी विचारलेही नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, ते योग्यच झाले. परंतु मटका कायद्याने बंद असतानाच घरोघर पोहोचला होता, हे आपण पाहिलेच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गृहस्थांनी आम्हांस अगत्याने चहास बोलाविले. त्यांच्या पत्नी चुलीपाशी होत्या. गिरणीच्या दिवसांत त्या गावीच, सासूजवळ राहत होत्या. आम्ही सहज विचारले, "बाई, मटक्याचे ते दिवस तुम्हांस आठवतात काय?"

"आकडे मला ठाऊक नाहीत," त्या म्हणाल्या. "मनिऑर्डर किती महिने आली नाही, तेवढे ठाऊक आहे. एका साली पाच महिने आली नाही. पोस्टमन गल्लीत दिसला की मी आत जाऊन बसायची. त्याच्यावर 'नाही' म्हणायची पाळी नको म्हणून."

गृहस्थ बशीतून चहा पीत होते. त्यांनी बशी खाली ठेवली.