आढ्यवात आणि रानभाजी

मृगाच्या सरी कोसळू लागल्या म्हणजे मनोरच्या बाजारात भोवतालच्या पाड्यांवरील वारली स्त्रिया शेवळे, टाकळा आणि कुर्डूच्या जुड्या मांडून बसतात, आणि महामार्गावरून वळलेला, सांधे धरलेला एखादा सुखवस्तू गृहस्थ त्यांतली कोणती भाजी युरिक ॲसिड उतरवील अशी पृच्छा करतो. हा प्रश्न वरकरणी वैद्यकाचा दिसला तरी मुळात धर्माचा आहे. कारण आपण केलेल्या अतिरेकाचे परिमार्जन बाहेरच्या एखाद्या द्रव्याने होते काय, हेच त्यात विचारलेले असते.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील २९ व्या अध्यायात सांधे धरणाऱ्या या व्याधीस, म्हणजे गाउटला, वातरक्त म्हटले असून ‘आढ्यवात’, म्हणजे धनवंतांचा वात, असेही नाव दिले आहे. आणि त्यावर गुळवेल हे आयुर्वेदाचे प्रमुख औषध. आधुनिक शास्त्राचा हिशेब असा, की मांसात आणि सुक्या मासळीत विपुल असणाऱ्या प्युरीन द्रव्यांपासून झँथिन ऑक्सिडेज हे विकर युरिक ॲसिड घडविते. बहुतेक सस्तन प्राण्यांपाशी ते पुढे विघटित करणारे विकर असते, मानवाने मात्र ते उत्क्रांतीच्या ओघात गमावले, आणि म्हणून एका डेसिलिटर रक्तात सुमारे ६.८ मिलिग्रॅमच्या वर ही थकबाकी गेली की सांध्यांत स्फटिक धरू लागतात. वनस्पतींपैकी कांद्यातील क्वेर्सेटिन हे द्रव्य झँथिन ऑक्सिडेजला अटकाव करते, आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधील एका लहान प्रयोगात रोज ५०० मिलिग्रॅम क्वेर्सेटिन चार आठवडे दिल्यावर युरिक ॲसिड काहीसे उतरलेही. वनस्पतीचा गुण खरा आहे, पण अतिरेकास माफीनामा लिहून देण्याचा अधिकार त्याला नाही.

आता ही भाजी खुडणाऱ्या हातांचा आचार पाहावा. पावसाळ्यातील पहिली कोवळी भाजी देवास अर्पण केल्यावाचून खायची नाही, अशी वारल्यांची रीत आहे. आणि कणगी तळाला गेलेली असताना, समोर रान हिरवेगार उभे असताना, जो हात आवरला जातो, त्याच्या संयमास मी गीतेच्या सहाव्या अध्यायातील युक्ताहाराचे आचरण समजतो. आढ्याने जुडी विकत घेतली, तरी हा संयम त्याला स्वतःच्या ताटातच साधावा लागतो.

म्हणून वाचकांना विनंती एवढीच, की रानभाजी आवडीने खावी, डॉक्टरांचे औषध तिच्या भरवशावर सोडू नये, मद्यमांसाला आळा घालावा, आणि पहिल्या घासापूर्वी क्षणभर हात आवरावा.