काठी कोणाच्या मापाची?

गोल्फ हा खेळ आमच्या सात पिढ्यांत कोणी खेळला नव्हता. पण थोरल्या भाऊजींना निवृत्तीनंतर डॉक्टरांनी चालायला सांगितले आणि एका मित्राचे बोट धरून ते चालत चालत थेट चेंबूरच्या गोल्फच्या मैदानावर पोचले! परवा त्यांच्या ‘ड्रायव्हर’ची दांडी तडकली. ड्रायव्हर म्हणजे मोटार हाकणारा नव्हे; चेंडू सर्वांत लांब धाडणारी काठी. तिचे डोके शाबूत होते, दांडी तेवढी बदलायची होती. “चला मास्तर, तुम्हाला गंमत दाखवतो,” म्हणून त्यांनी मला दुकानात नेले.

दुकानात भिंतभर दांड्या मांडलेल्या. प्रत्येकीवर एक अक्षर. एल, ए, आर, एस, एक्स, अशी त्यांची लवचीकपणाकडून ताठपणाकडे जाणारी चढती भाजणी. मौज अशी, की या अक्षरांना सर्वमान्य माप नाही. एका कारखान्याची ‘आर’ दुसऱ्याच्या ‘एस’इतकी ताठ असू शकते. भाऊजींची मोडलेली दांडी ‘एस’ होती आणि त्यांना पुन्हा ‘एस’च हवी होती.

दुकानदाराने त्यांना यंत्रासमोर उभे करून दहा-बारा फटके मारायला लावले. काठीच्या डोक्याचा वेग भरला ताशी ८४ मैल. तो नम्रपणे म्हणाला, “साहेब, आपल्याला ‘आर’ बरी. ‘ए’सुद्धा चालेल.”

भाऊजींचा चेहरा पडला. “‘ए’ म्हणजे म्हाताऱ्यांची ना?”

दुकानदाराने त्यांना समजावले. फटका मारताना दांडी वाकते आणि चेंडूपाशी येता येता सरळ होऊ लागते. हात संथ आणि दांडी फार ताठ असली, तर डोके वेळेवर वळत नाही. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू बहुधा उजवीकडे भरकटतो. वर्षभर भाऊजींचे चेंडू उजवीकडच्या झाडीत जात होते. त्याचा दोष त्यांनी वाऱ्याला दिला होता, गवताला दिला होता. अक्षराला मात्र कधी दिला नव्हता.

मी हसलो खरा. पण ते हसू घशातच अडकले.

मी मॅट्रिकच्या पुढे न गेलेला मास्तर. स्वतःला जे जमले नाही ते पोरांनी करावे, अशी माझी हौस. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याचे वडील मला विचारायला आले होते. मुलाच्या हातात कसब होते. बिघडलेला पंखा तो तासाभरात चालू करी. त्याला औद्योगिक शाळेत जायचे होते. मी म्हणालो, “छे, छे! त्याला सायन्सलाच घाला. ध्येय उंच हवे.” बापाने माझा शब्द मानला. मुलगा बारावीला दोनदा नापास झाला. पुढे तो आमच्या गल्लीतून जाईनासा झाला. मी त्याच्या हाती ‘एक्स’ अक्षराची दांडी दिली होती आणि चेंडू झाडीत गेल्यावर त्याच्याच मेहनतीला दोष दिला होता.

मग काय, ज्याने त्याने यंत्राने सांगितलेल्या आकड्यातच जन्म काढावा? तसेही मन मानत नाही. आजचा ८४चा आकडा आजचा आहे. सरावाने तो वाढेल, वयाने उतरेल. माप हा निकाल नव्हे. पण ताठ दांडी घेतल्याने हाताला वेग येत नाही, हेही तितकेच खरे. वेग आधी यावा, दांडी मागून बदलावी. आपण नेमके उलटे करतो.

या खेळाच्या इतिहासातच एक दाखला आहे. पूर्वी दांड्या हिकरी नावाच्या लाकडाच्या असत. पोलादी दांड्यांना अमेरिकेत १९२४ साली आणि सेंट अँड्र्यूजच्या नियमकर्त्यांकडून १९२९ साली मान्यता मिळाली. तरीही १९३० साली बॉबी जोन्सने त्या काळच्या चारही मोठ्या स्पर्धा जिंकल्या त्या हिकरीच्याच काठ्यांनी. पोलाद कमी प्रतीचे होते असे नव्हे. दुसऱ्याच वर्षी बिली बर्कने पोलादी दांड्यांनी अमेरिकन ओपन जिंकली. प्रत्येकाच्या हातात त्याला साधणारी काठी होती, एवढेच.

विचार करता करता मला एक भेद दिसला. स्वतःसाठी कोणी हट्टाने ताठ काठी घेतली, तर तो त्याचा हक्क आहे. भरकटलेला चेंडू शोधायला झाडीत त्यालाच जायचे असते. पण दुसऱ्यासाठी काठी निवडताना, मग तो मुलगा असो, शिष्य असो, सून असो, त्याचे हात न पाहता आपल्या हौसेचे अक्षर त्याच्या माथी मारणे, याला प्रेम म्हणता येईल का? मला तरी आता म्हणवत नाही.

शेवटी भाऊजींनी ‘आर’ घेतली. पैसे देताना मात्र दुकानदाराच्या कानाशी लागून म्हणाले, “बसवताना ते अक्षर खालच्या बाजूला करा हं. वरून दिसायला नको.” दुकानदार गालात हसला. असे सांगणारे ते काही पहिलेच गिऱ्हाईक नसावे.

तो मुलगा आता स्टेशनापलीकडे पंखे-मिक्सर दुरुस्त करतो, असे ऐकतो. आमच्या घरचा पंखा बरेच दिवस कुरकुरतो आहे. बायको म्हणते, नवा घेऊ. मी म्हटले, थांब. या पाडव्याला तो पंखा आणि फराळाचा डबा घेऊन मीच त्याच्याकडे जाणार आहे. काय बोलायचे ते अजून ठरत नाही. पण या खेपेला बोलण्याआधी त्याचे हात नीट पाहीन.