चौकटीतला मोरया

वेबपानाच्या एडिटरमध्ये मोरगावच्या गणपतीच्या आरतीचा व्हिडिओ एम्बेड केला, की तो पानात आला असे आपण म्हणतो. खरे तर पानात काहीच येत नाही. तिथे बसते ती ‘आयफ्रेम’ नावाची रिकामी चौकट आणि तिच्यात एक पत्ता. चित्र नि आवाज दूरच्या सर्व्हरवरच असतात, पान उघडले की तिथून येतात. १९९७ च्या एचटीएमएल ४ पासून ही सोय प्रमाणित आहे. मूळ व्हिडिओ कुणी काढून टाकला, की चौकट तेवढी उरते. मग जिथे देव नाही, फक्त देवाचा पत्ता आहे, तिथे घडते त्याला दर्शन म्हणायचे का?

पडदा निर्जीव आहे, हा आक्षेप टिकत नाही. भाद्रपदात घरी आणलेली पार्थिव मूर्ती प्राणप्रतिष्ठेपर्यंत मातीच असते आणि उत्तरपूजेनंतर पुन्हा माती होते. मोरगावची आख्यायिका तर आणखी पुढे जाते: मूळ मूर्ती पांडवांनी तांब्याच्या पत्र्यात बंद करून आजच्या मयूरेश्वराच्या मागे ठेवली, असे मानतात. म्हणजे अष्टविनायकांच्या पहिल्या ठाण्यावर, शेंदूर ल्यालेल्या मूर्तीपुढे हात जोडणाराही न दिसणाऱ्यालाच नमस्कार करतो. दर्शनात देवानेही भक्ताला पाहायचे असते आणि व्हिडिओत ते होत नाही, हा आक्षेप अधिक वजनदार. पण ज्याला सर्वसाक्षी म्हणायचे, त्याची नजर भिंगावर का मोजायची? उणीव असलीच तर ती आपल्या बाजूला आहे: आपण तिथवर जात नाही. चिंचवडहून गणेशभक्त मोरया गोसावी मोरगावची वारी करत. म्हातारपणी ती झेपेना, तेव्हा कऱ्हा नदीच्या पात्रात त्यांना मंगलमूर्तीचा तांदळा, म्हणजे न घडवलेला पाषाण, मिळाला आणि तो त्यांनी चिंचवडला स्थापला, असे परंपरा सांगते. देव भक्ताच्या घरी आला, तरी वारी थांबली नाही; आता मंगलमूर्तीच मोरगावला जाऊ लागली. चिंचवडची मंगलमूर्ती काही पत्ता नव्हे. ती स्वतःच पूर्ण दैवत आहे, इथे माझी तुलना तुटते. पण पूर्ण दैवतही मूळ ठाण्याकडे जात असेल, तर नुसत्या चौकटीने आपली वाट तिथेच संपली असे कसे मानायचे?

अंथरुणाला खिळलेल्याने, परदेशात राहणाऱ्याने काय करावे, असे विचारले जाईल. त्यांच्यासाठी परंपरेत मानसपूजा आहेच, आणि ती फुकट होत नाही: समई, दूर्वा, नैवेद्य, सगळे मनाने एकेक करून मांडावे लागते. व्हिडिओत ते आयते मिळते, आणि आरती संपण्याआधीच शेजारी पुढचा व्हिडिओ खुणावू लागतो. त्यांनी पडदा जरूर लावावा. आरती मात्र स्वतः म्हणावी. ज्याला जाता येते आणि तरी जो ‘पाहिले, झाले’ म्हणतो, त्याला मोरगावची माहिती मिळाली, दर्शन झाले नाही. चिंचवडच्या मंगलमूर्तीची पालखी आजही वर्षातून दोनदा, भाद्रपदात आणि माघात, मोरगावला जाते.