उदाहरण घालून देणे

शास्त्रपाठ : मत्तय १:१८-२५, योहान ११:४७-५३



मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात भाषांतरकाराची लेखणी अडावी असे एक ग्रीक क्रियापद आहे. मरीयेच्या बाबतीत योसेफाला जे करावयाचे नव्हते, ते सांगण्यासाठी मत्तयाने ते योजिले आहे. एखाद्याला चारचौघांपुढे उभे करून इतरांना धडा बसेल असे त्याचे प्रदर्शन मांडणे, असा त्याचा भाव. मराठीत आपण ‘बेअब्रू करणे’ म्हणतो. त्यात लाज येते. इतरांना धडा देण्याचा हेतू मात्र निसटतो.

तो हेतू किती क्रूर असू शकतो हे हंफ्री कॉब या अमेरिकन लेखकाच्या ‘पाथ्स ऑफ ग्लोरी’ (१९३५) या कादंबरीत दिसते. पहिल्या महायुद्धात कॉब स्वतः कॅनडाच्या सैन्यात लढला होता. कादंबरीत एका फ्रेंच पलटणीचा हल्ला फसतो. तो यशस्वी होणे शक्यच नव्हते. तरी सेनापतीला बळी हवे असतात. मग निवड सुरू होते. एका शिपायाचे नाव चिठ्ठ्या टाकून निघते. दुसऱ्याने आपल्या अधिकाऱ्याचे भ्याड कृत्य पाहिलेले असते. तिसरा तर कोणालाच नकोसा असतो. तिघांनाही गोळ्या घातल्या जातात.

हे केवळ कल्पित नव्हे. १० मार्च १९१५ रोजी शॅम्पेन प्रांतातील सुएँ या गावाजवळ थकलेले फ्रेंच सैनिक खंदकाबाहेर पडेनात. जनरल रेव्हेयाक याने आपल्याच खंदकावर तोफा डागण्यास सांगितले. तोफखान्याच्या अधिकाऱ्याने लेखी हुकमावाचून ते करण्यास नकार दिला. एका आठवड्यानंतर, १७ मार्चला, चार कॉर्पोरलांना (आपल्याकडे त्यांना नाईक म्हणतात) गोळ्या घालण्यात आल्या. ‘उदाहरणादाखल गोळी घातलेले’ असेच अशा सैनिकांना फ्रान्समध्ये म्हणतात. त्या युद्धात लष्करी आज्ञाभंगासाठी तेथे सहाशेहून अधिक जणांना असे मारण्यात आले.

कयफाची भाषा तरी वेगळी कोठे होती? सर्व राष्ट्र वाचावे म्हणून एकाने मरावे हे हिताचे, असा त्याचा सल्ला होता. हिशेब म्हणून त्यात चूक काढणे कठीण, आणि म्हणूनच तो भयंकर.

आता योसेफाकडे पाहा. आपण हा उतारा घाईने वाचून देवदूताकडे धावतो. परंतु योसेफाचा निश्चय स्वप्नाच्या आधीचा आहे. मरीया निर्दोष आहे हे त्याला अजून कळलेले नव्हते. नियमशास्त्र त्याच्या बाजूचे होते आणि गावही झाले असते. तिला दोषी समजत असतानाच तो तिला गुप्तपणे सोडण्याचे ठरवतो, आणि मत्तय त्याला दयाळू नव्हे, नीतिमान म्हणतो! कादंबरीतला तिसरा शिपाई खरोखरच वाईट चालीचा होता. सुएँच्या सैनिकांनीही हुकूम मानला नव्हता, हे नाकारून चालणार नाही. प्रश्न केवळ निरपराध्यांचा असता तर तो सोपा होता.

आपल्या पंचकमिटीत, शाळेत, वसतिगृहात ‘एकाला धडा शिकवला की बाकीचे सरळ होतील’ हे वाक्य किती सहज उच्चारले जाते! पुढे येणारे नाव बहुधा त्याचेच असते, ज्याच्या पाठीशी कोणी नाही. अशा वेळी, वाचकहो, आपण बोलतो, की ठराव वहीत उतरवून घेतो?

हेच क्रियापद नव्या करारात आणखी एकदाच येते, कलस्सैकरांस पत्र २:१५ मध्ये. ज्या सत्तांनी येशूला वेशीबाहेर टांगून यरुशलेमेपुढे उदाहरण ठेवले, त्याच सत्तांचे प्रदर्शन वधस्तंभावर झाले, असे पौल सांगतो.

कादंबरी गोळीबारापाशी संपते. मारल्या गेलेल्या थिओफील मोपाची पत्नी ब्लान्श हिचा लढा तेथून सुरू झाला. ती शिक्षिका होती. १९३४ साली विशेष न्यायालयाने त्या चौघांना निर्दोष ठरवले आणि तिला भरपाई म्हणून एक फ्रँक देवविला. वृत्तपत्रातील त्याच बातमीतून कॉबची कादंबरी उभी राहिली. त्या चौघांची आज फ्रान्समध्ये आदराने आठवण केली जाते. रेव्हेयाकचे नाव निघते ते तोफांच्या त्या हुकमामुळे.